राफेलच का घेतले? हँगरमधल्या माणसाचे मत

लढाऊ विमानांवर लिहिणारे बहुतेक जण वेग, उंची आणि क्षेपणास्त्रांचा पल्ला इथून सुरुवात करतात. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो. ग्वाल्हेरला मिराज-२००० च्या हँगरमध्ये नोकरीचा मोठा काळ गेला, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि आता नाशिकला राहतो. आमच्याकडे रोज संध्याकाळी एकच प्रश्न असायचा, उद्या सकाळी किती विमाने सर्व्हिसेबल? विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, म्हणजे फॉर्म ७०० वर, सही करून वैमानिकाच्या ताब्यात निर्धास्तपणे देता येतील अशी किती? राफेलकडे मी त्याच नजरेने बघतो.

राफेलवर मी स्वतः पाना चालवलेला नाही. येलहंकाच्या एअरो इंडियात ते उभे असताना जवळून पाहिले, उडतानाही पाहिले. ज्या दसॉ कंपनीने मिराज बनवले तिचेच हे पुढचे विमान, त्यामुळे कुठे कोणते पॅनेल उघडत असेल याचा अंदाज बाहेरूनही येत होता.

माझे मत आधीच सांगतो. निवड बरोबर होती, आणि ती बरोबर ठरवणारे कारण कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. व्यवहार मात्र अर्धवट झाला. गरज १२६ ची होती, घेतली ३६.

ऑगस्ट २००७ मध्ये १२६ मध्यम लढाऊ विमानांची निविदा निघाली. १८ तयार यायची होती, उरलेली १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे आपल्या एचएएलमध्ये बनायची होती. सहा विमाने उतरली. अमेरिकेची दोन, एफ-१६ आणि एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट. रशियाचे मिग-३५, स्वीडनचे ग्रिपेन, चार युरोपीय देशांनी मिळून बनवलेले युरोफायटर टायफून आणि फ्रान्सचे राफेल. २००९-१० मध्ये बंगळूर, जैसलमेर आणि लेह अशा तीन ठिकाणी चाचण्या झाल्या. ६४३ तांत्रिक निकषांवर प्रत्येकाला तपासले गेले.

यातली लेहची चाचणी लोकांना नीट कळलेली नाही असे मला वाटते. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांहून वर आहे. हवा विरळ असल्याने इंजिनाचा रेटा कमी पडतो, पंखांना उचल कमी मिळते आणि पूर्ण भार घेऊन उडणे अवघड होते. त्याआधीची अडचण म्हणजे रात्रभर गारठलेले इंजिन पहाटे तिथे सुरू करणे. ही जमिनीवरच्या माणसाची डोकेदुखी, माहितीपत्रकात तिला एक ओळही मिळत नाही. पुढे भारताने राफेलमध्ये स्वतःसाठी १३ खास सुधारणा करून घेतल्या, त्यांत उंचावरच्या तळावर थंड इंजिन सुरू होण्याची सोयही होती. इस्रायली हेल्मेट, शत्रूचे क्षेपणास्त्र चकवण्यासाठी विमानामागे ओढत न्यायचा डिकॉय, यांवर वर्तमानपत्रांत रकाने भरले. मला मात्र लेहची सोय वाचून जास्त समाधान वाटले.

एप्रिल २०११ मध्ये चार विमाने बाद झाली, राफेल आणि टायफून उरले. ३१ जानेवारी २०१२ रोजी राफेलची बोली सर्वांत कमी ठरली. कागदावर ही गोष्ट इथे संपते, आधी तांत्रिक गुण आणि मग किंमत. पण एवढ्या मोठ्या खरेदीत देश आणखी एक हिशेब करतो, आणि तो समजायला १९९८ मध्ये जावे लागते.

गावाकडे विहिरीवर मोटर बसवताना शेतकरी आधी विचारतो, पार्ट कुठे मिळतो आणि मिस्त्री किती दिवसांत येतो? लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षे वापरायचे असते. तेवढ्या काळात आपण असे काही तरी करणारच, जे विकणाऱ्या देशाला आवडणार नाही. त्या दिवशी सुटे भाग येत राहतील का, हा खरा प्रश्न.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे ब्रिटिश बनावटीची, पण त्यांतले कितीतरी भाग मूळ अमेरिकन. भाग थांबले तशी हेलिकॉप्टरे जमिनीवर बसली. तेजसच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करत असलेल्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवले गेले. फ्रान्सने निर्बंध घातले नाहीत. आमची मिराज उडत राहिली.

पुढच्याच वर्षी कारगिल झाले. १७ जून १९९९ रोजी मिराजनी शत्रूचा मुंथो ढालोचा तळ उद्ध्वस्त केला आणि २४ जूनला टायगर हिलवर लेसरने दिशा दिलेले बॉम्ब टाकले. विमान फ्रान्सचे, लक्ष्यावर लेसर धरणारा लायटनिंग पॉड इस्रायलचा, आणि हे सगळे जुळवण्याचे काम युद्ध सुरू असतानाच आपल्या लोकांनी केलेले. तेव्हा आमच्या ट्रेडमधल्या सगळ्यांची छाती भरून आली होती आणि आजही ते दिवस आठवले की येते. पण निर्बंधांच्या यादीत त्या वेळी फ्रान्सही असता तर हँगरमध्ये कितीही जीव ओतून काही उपयोग नव्हता.

मिराजवर येण्याआधी मी एका जुन्या विमानावर होतो. सोव्हिएत संघ फुटला आणि सुट्या भागांची साखळीच तुटली. कोणता कारखाना आता कोणत्या देशात आहे हे कळायलाच महिने जात. एखादे विमान एका हायड्रॉलिक पंपासाठी एओजी व्हायचे, म्हणजे भागाअभावी जमिनीवर अडकून पडायचे, मग त्याचेच चांगले भाग काढून शेजारच्या विमानाला लावायचे. याला आम्ही कॅनिबलायझेशन म्हणत असू. असे एक विमान हँगरच्या कोपऱ्यात दिवसेंदिवस रिकामे होत जाताना बघणे फार वाईट. फिटरची चूक काहीच नसते, आणि सकाळी परेडला आकडा मात्र त्याच्याकडूनच मागितला जातो.

म्हणून त्या सहा स्पर्धकांकडे मी असे बघतो. एफ-१६ पाकिस्तान १९८३ पासून उडवतोय. त्याची ताकद आणि कमजोरी दोन्ही त्यांच्या वैमानिकांना पाठ. सुपर हॉर्नेट विमान म्हणून उत्कृष्ट, पण त्याच्या भागांची किल्ली वॉशिंग्टनमध्ये. ग्रिपेन मला मनापासून आवडते. स्वीडनने ते रस्त्यावरून उडवता यावे आणि थोड्या माणसांनी झटपट पुन्हा तयार करता यावे अशा बेताने बनवले, फिटरच्या दृष्टीने असे विमान म्हणजे सुख. पण भारताला देऊ केलेल्या ग्रिपेनचे एफ-४१४ इंजिन अमेरिकन, म्हणजे किल्ली पुन्हा तिथेच. मिग-३५ घेतले असते तर सगळी अंडी एकाच टोपलीत गेली असती, कारण सुखोई-३० ची मोठी ऑर्डर आपण आधीच रशियाला दिलेली होती.

टायफूनचा प्रश्न वेगळा. हवेतल्या लढाईत ते राफेलच्या तोडीचे, काहींच्या मते सरसही. पण त्याचे मालक चार, ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन. उद्या एखाद्या देशाच्या संसदेत भारताविरुद्ध आवाज उठला तर? ही भीती पोकळ नव्हती. सौदी अरेबियाला आणखी टायफून द्यायला जर्मनीने कित्येक वर्षे अडवून धरले आणि जानेवारी २०२४ मध्ये कुठे नकार मागे घेतला. ब्रिटन विकायला तयार, सौदी घ्यायला तयार, तरी गाडी अडली. राफेलचा सांगाडा दसॉचा, इंजिन साफ्राँचे, रडार आणि बरीचशी इलेक्ट्रॉनिक्स थालेसची. तिन्ही फ्रेंच. बोलणी एकाच सरकारशी, आणि त्या सरकारने १९९८ मध्ये आपल्याला अडवले नव्हते.

एवढे बोलल्यावर विमानाचेही सांगायला हवे. रिकामे वजन सुमारे दहा टन आणि पंखांखाली-पोटाखाली टांगता येणारा भार साडेनऊ टनांपर्यंत, म्हणजे जवळजवळ स्वतःएवढेच ओझे ते उचलते. टांगायच्या जागा १४. एकाच उड्डाणात हवेतल्या लढाईची आणि जमिनीवरच्या हल्ल्याची अशी दोन्ही शस्त्रे नेता येतात. मीटिओर हे रॅमजेटवर, म्हणजे बाहेरची हवा आत ओढून घेणाऱ्या इंजिनावर चालणारे क्षेपणास्त्र शंभर किलोमीटरपलीकडचे विमान गाठते. स्काल्प अडीचशे किलोमीटरच्याही पलीकडून जमिनीवरचे लक्ष्य फोडते. स्पेक्ट्रा ही प्रणाली शत्रूच्या रडारचा माग घेऊन त्याला गोंधळवते, आणि ती विमानाच्या आतच बसवलेली असल्याने वेगळा पॉड टांगून एक जागा अडवावी लागत नाही.

माझ्या जिव्हाळ्याचा भाग म्हणजे एम-८८ इंजिन. दोन इंजिने, आफ्टरबर्नर लावल्यावर, म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळल्यावर, प्रत्येकी ७५ किलोन्यूटन रेटा. इंजिन २१ मॉड्यूलमध्ये विभागलेले आहे. बिघाड झाला की तेवढेच मॉड्यूल बदलायचे आणि इंजिन टेस्ट बेडवर, म्हणजे ते चालवून तपासायच्या चौथऱ्यावर, न नेता पुन्हा विमानात बसवायचे. टेस्ट बेडची रांग ज्याने अनुभवली आहे त्यालाच याचे मोल कळेल. वैमानिकासाठीचा ऑक्सिजन विमान स्वतःच तयार करते, त्यामुळे द्रव ऑक्सिजन भरायची कटकट आणि धोका गेला. विमानात स्वतःचे छोटे पॉवर युनिट आहे, इंजिन सुरू करायला बाहेरची ट्रॉली लागत नाही. दुर्गम तळावर रात्रीच्या थंडीत हे सगळे माणसांचे कष्ट वाचवते.

आता करार. २३ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीत मनोहर पर्रीकर आणि फ्रान्सचे संरक्षणमंत्री ज्याँ-इव्ह ल द्रियाँ यांनी ३६ विमानांच्या करारावर सह्या केल्या. किंमत ७.८७ अब्ज युरो, त्या वेळच्या दराने सुमारे ५९ हजार कोटी रुपये. त्यात विमानांबरोबर शस्त्रे, सुटे भाग, तळांवरच्या सोयी आणि देखभाल आली. किमतीवरून देशभर वाद पेटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ डिसेंबर २०१८ रोजी याचिका फेटाळल्या गेल्या. त्या सगळ्या गदारोळात माझ्या मते करारातले सर्वांत मोलाचे कलम कोणाच्या तोंडी आलेच नाही. ताफ्यातली किमान ७५ टक्के विमाने कोणत्याही वेळी उड्डाणासाठी उपलब्ध राहतील याची जबाबदारी विक्रेत्याने घेतली.

याचा अर्थ मी पोटतिडकीने सांगतो. त्याआधी सुखोईंची उपलब्धता निम्म्याच्या आसपास रेंगाळत होती, हे खुद्द पर्रीकरांनीच संरक्षणमंत्री असताना सांगितले होते. शंभर विमाने विकत घेतली आणि पन्नासच उडतात, तर खरी खरेदी पन्नासांचीच. ‘विमान एवढ्या कोटींना पडले’ असे म्हणताना भागाकार उडणाऱ्या विमानांच्या संख्येने करावा लागतो. ७५ टक्क्यांचे कलम लिहून घेणाऱ्याला जमिनीवरच्या कामाची जाण होती. तो अधिकारी कोणी का असेना, माझा त्याला सलाम आहे.

पहिली पाच विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली, वाटेत फक्त अबुधाबीजवळच्या अल धफ्रा तळावर थांबून. गलवानला आपले २० जवान गेले त्याला दीड महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी आमच्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन थांबत नव्हते. पुढे अंबाल्याला १७ स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) गोल्डन ॲरोज आणि हाशिमाऱ्याला १०१ स्क्वाड्रन फाल्कन्स उभी राहिली. एक पश्चिमेच्या तोंडावर, दुसरी भूतानलगत चीनकडे बघणारी. डिसेंबर २०२२ मध्ये छत्तिसावे विमान आले.

आता उणिवा. पहिली संख्येची. १२६ वरून ३६ वर येणे म्हणजे सहा-सात स्क्वाड्रनऐवजी दोन. एचएएल आणि दसॉ यांची बोलणी दोन गोष्टींवर अडली. भारतात बनणाऱ्या १०८ विमानांची हमी कोणी घ्यायची, आणि ती बनवायला किती मनुष्यतास लागतील. एचएएलचा अंदाज फ्रेंचांच्या २.७ पट होता. इथे ओझरला एचएएलमध्ये आयुष्य घालवलेली माणसे माझ्या शेजारात आहेत. मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० अशी विमाने इथून बाहेर पडली आहेत, त्यांच्या हातांबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण नवी उत्पादनपद्धत शिकताना सुरुवातीला वेळ जास्त लागणारच, तो खर्च देशाने उचलायला हवा होता असे मला ठामपणे वाटते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली तेव्हा ४२ मंजूर स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या. ही तूट त्या वेळच्या थांबलेल्या बोलण्यांमधूनही आली आहे.

दुसरी उणीव सोर्स कोडची, म्हणजे विमानाच्या संगणकाच्या मूळ आज्ञावलीची. ती आपल्या हातात नाही. आपले अस्त्र क्षेपणास्त्र राफेलवर बसवायचे तर संगणक प्रणालीत बदल करावा लागतो आणि त्यासाठी उत्पादकाकडे जावे लागते. फ्रान्स अडवत नाही, पण वेळ आणि पैसा दोन्ही घेतो. मिराजच्या आधुनिकीकरणात आम्ही हे बघितले आहे. २०११ चा तो करार कामासाठी चांगला होता आणि खिशाला फार जड होता. फ्रेंच माणूस वचन पाळतो, पण प्रत्येक स्क्रूचे पैसे लावतो.

मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरबद्दलही लिहायला हवे. पाकिस्तानने राफेल पाडल्याचे दावे केले. विमाने गमावल्याचे तेव्हाचे सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचे प्रमुख, जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये मान्य केले, आणि डावपेचातली चूक दुरुस्त करून आपण पुन्हा आत खोलवर मारा केला हेही सांगितले. त्यावरून राफेल वाईट किंवा चिनी विमान श्रेष्ठ असा निकाल देणाऱ्यांशी मी सहमत नाही. आजची हवाई लढाई रडार, हवेतले टेहळणी विमान, त्यांच्यात माहिती पोचवणारी डेटालिंक आणि क्षेपणास्त्र अशा साखळीची असते. एकट्या विमानाला गुण देऊन तिचा हिशेब लागत नाही.

नौदलाची निवड मात्र खऱ्या अर्थाने समोरासमोर झाली, आणि तीही आपल्या गोव्यात. आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर विमानवाहू नौकेच्या स्की-जंपसारखा, टोकाला वर उचललेला चढ जमिनीवर बांधलेला आहे. २०२२ मध्ये आधी राफेल-एम ही नौदलासाठीची आवृत्ती आणि काही महिन्यांनी सुपर हॉर्नेट यांनी तिथून उड्डाणे केली. दोन्ही विमाने मुळात कॅटापल्टवरून, म्हणजे नौकेवरच्या यंत्राच्या धक्क्याने फेकली जाणारी, आपल्या विक्रांत नौकेवर ती सोय नाही, त्यामुळे चढावरून भार घेऊन उठता येते हे सिद्ध करणे भाग होते. सुपर हॉर्नेटच्या बाजूने दोन जोरदार मुद्दे होते. त्याचे पंख दुमडतात, राफेलचे नाहीत, आणि नौकेच्या लिफ्टमध्ये जागेची मारामारी असते. शिवाय त्याची दोन आसनी आवृत्तीही नौकेवरून उडते. नौदलासाठीची राफेलची दोन आसनी विमाने मात्र जमिनीवरच्या प्रशिक्षणापुरतीच.

तरीही २८ एप्रिल २०२५ रोजी २६ राफेलचा सुमारे ६३ हजार कोटींचा करार झाला, २२ नौकेवरची आणि ४ प्रशिक्षणाची. दुमडणारे पंख सोडून नौदलाने हेच का घेतले? हवाई दलाकडे ३६ आधीच आहेत. सिम्युलेटर, शस्त्रे, सुटे भाग, शिकलेली माणसे यांतले बरेचसे सामायिक होते. भारतीय शस्त्रे विमानावर जोडण्याचे तंत्रज्ञान आणि इंजिनाच्या देखभालीची सोय भारतात उभारणे या वेळी करारातच लिहून घेतले. सोर्स कोडच्या तक्रारीवर हे निम्मे तरी उत्तर आहे. गोव्याला फ्रेंच विमानांची सवय जुनी. पूर्वीच्या विक्रांतवरची अलिझे विमाने हंसावरच राहत.

राफेल प्रत्येक देशाला योग्य ठरते असे मात्र नाही. ब्राझीलने डिसेंबर २०१३ मध्ये राफेल आणि सुपर हॉर्नेट दोन्ही सोडून ३६ ग्रिपेन निवडली. शेजारी शत्रू नाही, पैसा मर्यादित, आणि विमान बनवण्याचे ज्ञान आपल्या एम्ब्राएर कंपनीला मिळावे ही मुख्य इच्छा. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचे संभाषण ऐकल्याचे त्याच वर्षी उघड झाले होते, त्याने सुपर हॉर्नेटचे उरलेसुरले पाठबळ गेले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ग्रिपेनच घेतले असते. फिनलंड आणि स्वित्झर्लंडने २०२१ मध्ये एफ-३५ पसंत केले, कारण अमेरिकेचे भाग कधी थांबतील ही काळजी तेव्हा त्यांच्या मनात नव्हती. आपल्याला ती १९९८ पासून आहे.

आता हवाई दलाच्या ११४ विमानांची चर्चा सुरू आहे. ती राफेल असावीत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोन तळ, प्रशिक्षित फिटर आणि शस्त्रसाठा हाताशी असताना आणखी एक नवा प्रकार आणणे म्हणजे हँगरमधल्या पोरांवर अन्याय. मिग, सुखोई, जग्वार, मिराज, तेजस, राफेल अशा खिचडीने आधीच भांडारे फुगली आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये दसॉच्या कारखान्यात फाल्कन जेटचे भाग बनतात, हैदराबादला टाटांकडे राफेलचे धड बनवायचे ठरले आहे. या हातांना मोठी ऑर्डर मिळायलाच हवी. पण सही करण्याआधी ७५ टक्क्यांचे कलम पहिल्या पाच वर्षांपुरते न ठेवता निदान पंधरा वर्षांचे करून घ्या, एम-८८ चे प्रत्येक मॉड्यूल भारतात उघडून दुरुस्त होईल हे लिहून घ्या, आणि वाटाघाटीच्या टेबलावर हँगरमध्ये वीस वर्षे काढलेला एखादा वॉरंट ऑफिसर बसवा. कोणता भाग आधी झिजतो आणि त्याचे किती नग कपाटात हवेत, हे तो डोळे मिटून सांगेल.